नांगराचा दोर आणि साखळी: आधी सांधा ठरवा, मग खरेदी करा

बोट घेतल्यावर नांगराची तयारी करताना बहुतेक जण आधी साखळी घेतात, मग दोर घेतात आणि शेवटी दोन्ही हातात धरून विचार करतात की आता हे जोडायचं कसं. मीही असंच केलं होतं. दुकानदारानं दिलेला जाडजूड दोर साखळीच्या कडीतून नीट जाईना, म्हणून मी गाठ मारून काम भागवलं. काही महिन्यांनी एका सकाळी नांगर उचलताना ती गाठ वर आली, तेव्हा कडीला टेकलेल्या बाजूचा एक पेड पूर्ण तुटलेला होता आणि दुसऱ्याचे निम्मे धागे पिंजून कापसासारखे झाले होते. आदल्या रात्री आमची बोट उरलेल्या दीड पेडावर उभी होती आणि आम्ही आत निवांत झोपलो होतो.

म्हणून इथला क्रम नेहमीपेक्षा उलटा आहे. सांधा कसा घालायचा हे आधी ठरवायचं. दोर आणि साखळीची निवड त्यावरून आपोआप होत जाते.

१. नांगर हातानं ओढणार की विंडलसनं?

बाकी सगळं या प्रश्नावर ठरतं. (विंडलस म्हणजे चाक फिरवून साखळी आणि दोर ओढून घेणारं, बोटीच्या पुढच्या भागात बसवलेलं यंत्र.)

हातानं ओढणार असाल तर काम सोपं आहे. सांध्यात शॅकल (पिननं बंद होणारी यू आकाराची धातूची कडी) आणि थिंबल (दोराचा फास घासू नये म्हणून त्याच्या आत बसवायचं धातूचं खोबणीचं कडं) असलं तरी चालतं, कारण तो कुठल्या चाकातून जायचा नसतो. नाळेवरच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरच्या, रोलरवरून सरकला आणि आडवा अडकला नाही की झालं.

विंडलस असेल तर साखळी त्याच्या खाचांच्या चाकावर, म्हणजे जिप्सीवर, बसली पाहिजे. दोर आणि साखळी दोन्ही एकाच चाकातून ओढायची असतील तर जिप्सी त्या कामासाठी बनवलेली असली पाहिजे, आणि सांधा चाकातून विनाअडथळा गेला पाहिजे. तिथं शॅकल चालत नाही. दोराचे पेड थेट साखळीच्या कडीत गुंफावे लागतात.

विंडलसच्या पुस्तिकेत कोणत्या मापाची साखळी, कोणत्या मानकाची, किती जाडीचा आणि कोणत्या विणीचा दोर चालेल हे लिहिलेलं असतं. पुस्तिका हरवली असेल तर जिप्सीवर कोरलेला आकडा शोधा. दुकानात जाताना तो आकडा लिहून न्या, नुसतं "दहाची साखळी द्या" म्हणू नका. इथंच बरेच पैसे वाया जातात. १० मि.मी. साखळी डीआयएन ७६६ मानकाची असेल तर कडीची आतली लांबी २८ मि.मी. असते, आणि आयएसओ मानकाची असेल तर ३० मि.मी. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना कळतही नाही, पण चाकावर कडीमागून कडी जाताना तो साठत जातो आणि साखळी उड्या मारू लागते, नाहीतर अडकते. शक्य असेल तर साखळीचा हातभर तुकडा आणून चाकावर बसवून बघा आणि मगच पूर्ण लांबी कापून घ्या.

२. लांबीचं गणित

नांगर जमिनीला धरून राहतो तो आडव्या ओढीमुळे. ओढ वरच्या दिशेनं लागली की तो उपटतो. त्यामुळे खोलीच्या कितीतरी पट लांब दोर सोडावा लागतो. पूर्ण साखळी असेल तर निदान पाचपट, दोर आणि साखळी मिळून असेल तर सातपट हा धरून चालण्याचा आकडा आहे. वारा वाढला की आणखी सोडायचा.

पण पट कशाची? नवखा माणूस खोलीमापकावरचा आकडा घेतो आणि त्याला सातानं गुणतो. समजा पाणी ५ मीटर आहे. पाण्यापासून नाळेवरच्या रोलरची उंची १ मीटर. भरतीला पाणी अजून २ मीटर चढणार. म्हणजे हिशेबाची खोली ८ मीटर झाली आणि सोडायचा दोर ५६ मीटर. फक्त पाच साता पस्तीस केलं, तर भरतीच्या वेळी प्रत्यक्षात जेमतेम साडेचारपट उरते. संध्याकाळी ओहोटीला घट्ट बसलेला नांगर मध्यरात्री घसरतो, त्याचं कारण अनेकदा एवढंच असतं.

तुम्ही नांगर टाकाल त्यातली सर्वांत खोल जागा धरून हा हिशेब करा आणि तेवढी एकूण लांबी बोटीवर ठेवा. बांधणीसाठी आणि पुढं टोक कापून नवा सांधा घालण्यासाठी चार-पाच मीटर जास्तीचे घ्या.

३. साखळी

साखळी दोन कामं करते. वजनानं नांगराचा दांडा खाली दाबून धरते, आणि तळाच्या खडकांवर, शिंपल्यांवर घासली तरी कापली जात नाही. दोर तिथं पोचताच कामा नये. निदान बोटीच्या लांबीएवढी साखळी असावी. तळ खडकाळ असेल तर त्याहून बरीच जास्त.

वजन लक्षात ठेवा: ८ मि.मी. साखळी मीटरला सुमारे १.४ किलो भरते, १० मि.मी. सुमारे २.३ किलो. ८ मि.मी.ची ३० मीटर घेतली की नाळेवर ४२ किलो चढले. लहान बोट त्यानं पुढं झुकते, आणि हातानं ओढणाऱ्याची कंबर जाते. दोर आणि साखळी एकत्र वापरण्याचं एक मोठं कारण हेच आहे.

साखळीच्या ग्रेडचा आकडा गूढ वाटतो, पण तसा नाही. ग्रेड ३० म्हणजे पोलादाच्या दर चौरस मिलिमीटरला ३०० न्यूटन ताणाला साखळी तुटते, ग्रेड ४० म्हणजे ४०० ला. कडीला दोन बाजू असतात, म्हणून ८ मि.मी. साखळीत ताण घेणारं पोलाद सुमारे १०० चौ. मि.मी. होतं. त्यावरून ग्रेड ३० साधारण ३ टनांना आणि ग्रेड ४० साधारण ४ टनांना तुटेल. रोजच्या वापराची मर्यादा मात्र याच्या चौथाईच धरा.

जस्ताचा मुलामा दिलेली साखळीच घ्या. घेताना शेवटच्या चार-पाच कड्यांच्या आतून बोट फिरवा. मुलामा देताना जस्ताचे बारीक टोकदार थेंब राहिलेले असतात. ते बोटाला खुपले तर दोरालाही खुपणार. असे थेंब कानशीनं अगदी हलक्या हातानं गोलसर करा. जोर लावून घासलंत तर खालचं पोलाद उघडं पडेल आणि गंज तिथूनच सुरू होईल.

४. दोर

दोर नायलॉनचाच घ्या, म्हणजे पॉलिअमाइडचा. तो ताणाखाली लांबतो आणि सोडला की परत येतो. जोराचा वारा सुटला की साखळीचा झोल जवळजवळ सरळ होतो. मग लाटेचा प्रत्येक झटका शोषून घेणारा फक्त दोर उरतो. पॉलिएस्टर मजबूत असतं, पण फार कमी ताणतं. पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, उन्हानं लवकर कुजतं आणि पाण्यावर पसरून शेजारच्या बोटीच्या पंख्यात जातं. ते स्वस्त मिळतं म्हणून नांगराला लावू नका.

विणीत दोन पर्याय आहेत. तीनपेडी पिळाचा दोर सांधायला सोपा, कडीत छान बसतो, पण जुना झाला की ताठर होतो आणि कप्प्यात ठेवताना त्याला अढ्या पडतात. आठपेडी विणीचा दोर मऊ असतो, पीळ धरत नाही आणि कप्प्यात पडेल तसा सरळ बाहेर येतो, पण सांधायला जास्त वेळ आणि लक्ष लागतं. पहिल्यांदा स्वतःच्या हातानं सांधा घालणार असाल तर मी तीनपेडीच सुचवेन, अर्थात विंडलसला तो चालत असेल तर.

जाडी जास्त म्हणजे चांगली, हा समज सोडून द्या. दोर प्रमाणाबाहेर जाड असेल तर तो पुरेसा ताणत नाही, झटका तसाच नांगरापर्यंत पोचतो, आणि पेड कडीत मावत नाहीत. दोर साखळीच्या पावणेदोन ते दोन पट जाड असावा: ८ मि.मी. साखळीला १४ ते १६ मि.मी., १० मि.मी.ला १८ ते २०. साधारण ९ मीटरच्या बोटीवर ८ आणि १४ ही जोडी सर्रास दिसते. बोट वजनदार असेल किंवा तिचा वरचा भाग उंच असून वारा खात असेल तर एक माप वर जा.

ही जोडी कशी जुळते ते बघा. चांगल्या १४ मि.मी. तीनपेडी नायलॉनची कोरडी ताकद चार टनांच्या आसपास असते. ओलं झालं की नायलॉन दहा ते पंधरा टक्के ताकद गमावतं. सांध्यात अजून दहा-पंधरा टक्के जातात. उरले तीन टन, म्हणजे ग्रेड ३० च्या ८ मि.मी. साखळीएवढेच. आता सांध्याऐवजी गाठ मारली तर? गाठीत निम्म्याच्या आसपास ताकद जाऊ शकते. मग साखळी तीन टनांची आणि तिच्यामागचा दोर दोन टनांचा, असा विजोड कारभार होतो.

५. सांध्याचे प्रकार

*थिंबल आणि शॅकल.* दोराच्या टोकाला धातूच्या थिंबलभोवती फास विणायचा आणि शॅकलनं साखळीला जोडायचा. दोर कडीवर घासत नाही, साखळी हवी तेव्हा सोडवता येते, टिकाऊ आहे. हातानं ओढणाऱ्यांसाठी माझ्या मते हाच सर्वांत चांगला. विंडलसच्या चाकातून जात नाही.

*कडीतून परत गुंफलेला सांधा.* पेड शेवटच्या कडीतून काढून दोरातच उलटे विणायचे. सुबक असतो आणि चाकातून जातो. दोष एकच: सगळा ताण एका कडीच्या छोट्या वळणावर येतो, म्हणून तिथं लक्ष ठेवावं लागतं.

*साखळीत लांबवर विणलेला सांधा.* पेड एका कडीवर न थांबता दोन बाजूंनी आलटून पालटून दहा-बारा कड्यांमधून विणत न्यायचे आणि टोकं धाग्यानं घट्ट बांधायची. ताण अनेक कड्यांवर वाटला जातो, आठपेडी दोराला हा फार शोभतो. पण चिखल धरून ठेवतो आणि वाळायला वेळ घेतो. हा सांधा पहिल्यांदा कुणा जाणत्याच्या शेजारी बसूनच घाला.

*गाठ.* फक्त अडीनडीला. अँकर हिच मारा, मोकळं टोक दोराला धाग्यानं बांधा आणि बंदरात पोचलात की तोडून नीट सांधा घाला. "तात्पुरती" मारलेली गाठ महिनोन्महिने तशीच राहते. माझी राहिली होती.

६. तीनपेडी दोर कडीत गुंफणं

हाताशी एवढं ठेवा:

- धारदार सुरी
- चिकटपट्टी
- मेण लावलेला जाड धागा आणि सुई
- पेड उचलायला लाकडी किंवा धातूचा टोच्या
- टोकं वितळवायला लायटर
- मोजपट्टी
- सरावासाठी त्याच दोराचा हातभर तुकडा

सरावाचा तुकडा वगळू नका. पहिला सांधा कुणाचाच चांगला येत नाही, आणि तो खऱ्या दोरावर यायला नको.

टोकापासून साधारण ४० सें.मी.वर चिकटपट्टी घट्ट गुंडाळा. तिथपर्यंत तिन्ही पेड उलगडा. प्रत्येक पेडाच्या टोकाला लगेच चिकटपट्टी लावा, नाहीतर त्याचे धागे विस्कटतात आणि मग काही केल्या आवरत नाहीत.

दोन पेड कडीच्या एका बाजूनं आत घाला आणि तिसरा विरुद्ध बाजूनं. चिकटपट्टी जवळजवळ कडीला टेकेपर्यंत ओढा आणि मग ती काढून टाका. आता तिन्ही पेडांची मुकुटगाठ घाला: दोराच्या पिळाच्याच दिशेनं प्रत्येक पेड शेजारच्या पेडावरून न्यायचा आणि शेवटचा पहिल्याच्या फासातून काढायचा. एकेक पेड थोडा थोडा ओढत गाठ आवळा. एकाच पेडाला हिसका देऊ नका, गाठ तिरकी बसते.

इथं थांबून कडी हलवून बघा. ती दोरात खुळखुळत असेल तर गाठ सोडा आणि परत घाला. सैल कडी प्रत्येक लाटेला पुढंमागं होते आणि त्याच जागी दोर कापत जाते. माझ्या दुसऱ्या सांध्यात अर्ध्या बोटाची फट होती. मी म्हटलं, ताणाखाली बसेल. दोन महिन्यांत तिथं पेडांवर चकचकीत, कडक झालेला पट्टा दिसू लागला. घर्षणाच्या उष्णतेनं नायलॉनचे धागे वितळून एकमेकांना चिकटले होते.

गाठ पक्की बसली की विणायला घ्या. प्रत्येक पेड दोराच्या पिळाच्या उलट दिशेनं शेजारच्या एका पेडावरून आणि त्याच्या पुढच्या पेडाखालून काढायचा. तिन्ही पेड एकेकदा गेले की एक फेरी झाली. प्रत्येक वेळी पेडाला त्याचा स्वतःचा पीळ बोटांनी देत राहा, म्हणजे तो गोल राहतो. चपटा पडलेला पेड सारखा ताण घेत नाही. दोन पेड एकाच जागेतून बाहेर आलेले दिसले तर चूक तिथंच आहे, फेरी उसवा.

नायलॉन गुळगुळीत असतं, त्यामुळे तीन फेऱ्यांवर थांबू नका. पूर्ण जाडीच्या निदान पाच फेऱ्या घाला. मग प्रत्येक पेडाचे एक-तृतीयांश धागे कापून एक फेरी, उरलेल्यातले निम्मे कापून आणखी एक. सांधा निमुळता होतो आणि विंडलसच्या चाकावर ठोकर न खाता चढतो. पायाखाली घेऊन किंवा फळीवर लाटून तो एकसारखा करा, आणि टोकं मात्र अजून कापू नका.

७. शॅकल लावणार असाल तर

शॅकलवर कोरलेली वापर-मर्यादा साखळीच्या मर्यादेएवढी तरी हवी. अडचण अशी की तेवढ्या ताकदीच्या शॅकलची पिन साखळीच्या साध्या कडीत शिरत नाही. साखळी घेतानाच टोकाला मोठी कडी जोडून मागा. बारीक शॅकल लावून वेळ मारून नेऊ नका.

जस्ताच्या साखळीला जस्ताचंच शॅकल लावा. स्टेनलेसचं शॅकल चमकतं खरं, पण खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना टेकले की शेजारच्या कडीवरचं जस्त लवकर खाल्लं जातं. पिन घट्ट आवळल्यावर तिच्या भोकातून तार ओवून शॅकलला बांधा. पिन आपोआप फिरून सुटते, आणि हे पाण्याखाली होतं म्हणून दिसत नाही.

थिंबल फासात घट्ट बसलेलं असावं. ताणाखाली नायलॉन लांबतं आणि बारीक होतं, मग थिंबल तिरकं होऊन निसटतं आणि त्याची धार दोरातच रुतते. थिंबलच्या गळ्याशी दोर धाग्यानं आवळून बांधलात की हा धोका टळतो.

८. ताण देऊन बघा

धक्क्यावरच्या भक्कम खुंटाला साखळी अडकवा, दोर बोटीच्या क्लीटवर (दोर बांधायच्या खुंटीवर) घ्या आणि इंजिन हळूहळू उलटं चालवा. दोराच्या रेषेत कुणीही उभं राहू नये, तुम्हीही नाही. ताणलेलं नायलॉन तुटलं तर चाबकासारखं परत येतं आणि त्यासोबत लोखंडही येतं. लहान मुलं आजूबाजूला असतील तर ही चाचणी दुसऱ्या वेळी करा.

ताण सोडल्यावर सांधा बसलेला दिसेल. कडीपाशी फट पडली असेल तर पुन्हा घाला. ठीक असेल तर आता टोकं कापा, दोराच्या जाडीएवढी बाहेर ठेवून. लायटरनं हलकीशी वितळवा, पण कडक गोळा होऊ देऊ नका, त्याची धार शेजारच्या पेडाला कापते. शेवटी सांध्याच्या निमुळत्या टोकावर मेणाचा धागा गुंडाळून शिवून टाका.

९. दुसरं टोक विसरू नका

दोराचं कप्प्यातलं टोक बोटीच्या पक्क्या कडीला बांधा. हे कुणी सांगावं लागू नये, पण घाईत सगळा दोर सरसरत पाण्यात गेल्याचे प्रसंग खूप जणांवर आले आहेत. दर १० मीटरला रंगीत धाग्याची खूण शिवा, म्हणजे अंधारात हातानं चाचपूनही किती सोडलं ते कळतं.

नांगर पडल्यावर ताण विंडलसवर ठेवू नका. दोर क्लीटवर घ्या. नाळेवर तो जिथं घासतो तिथं चामड्याचं किंवा जाड कापडाचं वेष्टण घाला. प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा सोपा वाटतो, पण वादळात दोर सतत ताणून आतून तापतो आणि बंद नळीत ती उष्णता अडकून राहते.

१०. पाहणी

नव्या सांध्यावर पहिली रात्र काढलीत की सकाळी नांगर उचलताना सांधा रोलरवर थांबवा आणि कडी बाजूला सारून वळणाची आतली बाजू बघा. वरून सांधा कितीही सुंदर दिसो, झिजतो तो आतून. धागे पिंजलेले, चकचकीत कडक झालेले, किंवा गंजानं तपकिरी पडून खरखरीत झालेले दिसले तर डागडुजी करत बसू नका. सांधा कापून टाका आणि नवा घाला.

हंगामातून एकदा दोर गोड्या पाण्यानं धुवून वाळवा, मिठाचे खडे पेडांमध्ये राहिले तर आतून घासतात. बॅटरी त्याच कप्प्यात असेल तर ती हलवा, आम्ल नायलॉनला खातं. दोर उलटा करून दुसऱ्या टोकाला सांधा घातला तर झीज दोन्हीकडे वाटली जाते. सांधा घातल्याची तारीख मी चिकटपट्टीवर लिहून कप्प्याच्या झाकणाला आतून लावून ठेवतो, आणि एक वर्ष उलटलं की सांधा दिसायला चांगला असला तरी कापतो. अर्धा मीटर दोर जातो आणि एक दुपार लागते.